ग्रीसचे पाहुणे आणि आबांचा शब्द

एसटीत मूर्तीचं तिकीट काढलेला माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. पाहिलाय काय, त्याच्या शेजारच्या सीटवर बसून जळगाव ते धुळे प्रवास केलाय! अजूनही तो किस्सा सांगायला लागले की मला एका जागी बसवत नाही, हातवारे सुरू होतात, आणि माझा नवरा म्हणतो, "झालं, हिचे आबा सुरू झाले." होऊ देत की! ज्याला आबा भेटले नाहीत त्याला काय कळणार?

मी औषध कंपनीची प्रतिनिधी म्हणून जळगावला लागले तेव्हाची गोष्ट. आमच्या जमातीला दवाखान्यात 'एमआर' म्हणतात. काळी बॅग, इस्त्रीचे कपडे, आणि आतले पेशंट संपेपर्यंत दाराबाहेर तिष्ठत उभं राहायचं. आमच्या भागात या धंद्यात बायका जवळजवळ नव्हत्याच. साहेबांनी मला ज्यांच्या हाताखाली दिलं ते आबा. त्यांना नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. डॉक्टर आबा म्हणत, मेडिकलवाले आबा म्हणत, आमचे मुंबईचे साहेब वयाने त्यांच्या मुलासारखे, तेसुद्धा फोनवर "आबा, जरा ऐका ना" असंच सुरू करत. मूळचे दोंडाईच्याकडचे, घर धुळ्यात, आणि फिरती सगळ्या खानदेशात.

पहिल्या दिवशी मी त्यांना पाहिलं आणि हसूच आवरेना. गळ्यात टाय आणि डोक्यावर पांढरी टोपी! मी तोंडावर रुमाल धरला. त्यांनी ओळखलं. म्हणाले, "हस पोरी, मोकळी हस. टाय कंपनीचा, टोपी बापाची. दोघांचंही खाल्लंय, कोणाला सोडू?"

दवाखान्यात गेले की आबा आमच्यासारखे दाराशी उभे राहत नसत. सरळ पेशंटच्या बाकावर जाऊन बसायचे, तेही मधोमध. शेजारच्या बाईला विचारायचे, "काय होतंय अक्का? झोप लागते का?" मग तिचं सगळं घरदार ऐकायचे. आत गेलेला पेशंट बाहेर आला की त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, "आबा, आपल्याला डॉक्टरांना भेटायचंय, यांना नाही." तर म्हणाले, "अगं, डॉक्टर आत बसून कळत नाही. बाहेर येणाऱ्याच्या तोंडावर कळतो. औषध पोटात जायच्या आधी कानात जातं."

असं काहीबाही ते बोलत, आणि मी मान डोलवत असे. महिनाभराने मलाही पेशंटच्या तोंडाकडे बघायची खोड लागली.

आणि सिरपचा किस्सा! कंपनीने लहान मुलांसाठी खोकल्याचं नवीन औषध काढलं. चव कोणती? केळ्याची! जळगावात! जिथं पोरांना दात यायच्या आधी केळं मिळतं तिथं! आबांची एक सवय होती, कुठलंही नवीन औषध आलं की आधी स्वतः चमचाभर घ्यायचं. घेतलं. तोंड असं वाकडं झालं की मला वाटलं आता उलटी करतात. लगेच मुंबईला फोन. "साहेब, हे केळं कुठलं आहे? नाही, मला झाड दाखवा. असोद्यासारख्या केळीच्या गावचं पोर ही बाटली तुमच्या अंगावर फेकेल." साहेब म्हणाले, आबा, बाकी देशात छान चाललंय. आबा म्हणाले, "बाकी देशाने केळं खाल्लं नसेल." आणि खरंच सांगते, त्यांनी ते औषध जळगाव जिल्ह्यात काढलंच नाही. साहेबांनी हात टेकले. आम्हाला संत्र्याच्या चवीचं आलं.

पण आबांची खरी ख्याती होती ती शब्दाची. एमआरच्या धंद्यात डॉक्टरांना 'नाही' म्हणायचं नसतं. हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. डॉक्टरांनी काहीही मागावं, नमुन्याच्या गोळ्या, भिंतीवरचा तक्ता, परिषदेला बसायची जागा, आपण मान तुकवून म्हणायचं, "होऊन जाईल साहेब." मग होवो न होवो. बाकीचे सगळे म्हणत आणि विसरून जात. आबा म्हणत आणि करत. इतक्या वर्षांत एकदाही शब्द खाली पडू दिला नाही. डॉक्टर एकमेकांना सांगत, "आबा म्हणाले ना? मग झालं समज."

लॉकडाऊनमध्ये तर कहर केला त्यांनी. धुळ्याच्या बाळांच्या डॉक्टरीणबाईंकडे एक मधुमेहाचं पोर होतं, आणि गावात इन्सुलिन संपलेलं. आबा तेव्हा जळगावला अडकलेले. फोनवर म्हणाले, "होऊन जाईल ताई." मे महिना, आमच्याकडचा मे! स्कूटरवर बर्फाचा डबा घेऊन निघाले, आणि वाटेतल्या पारोळ्याच्या आधीच बर्फाचं पाणी झालं. मग काय करावं? रस्त्यात एका कुंभाराच्या घरी गेले, नवा माठ घेतला, इन्सुलिन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत ठेवलं, माठाला ओलं फडकं गुंडाळलं, आणि माठ दोन पायांच्या मध्ये धरून स्कूटर चालू. नाक्यावर पोलिसाने अडवलं. "काय आबा, या वयात दारू?" आबा म्हणाले, "उघडून बघ, पण लवकर झाक." त्याने बघितलं आणि स्वतः फडक्यावर पाणी ओतून दिलं. पोराला वेळेवर इन्सुलिन मिळालं. डॉक्टरीणबाई ही गोष्ट सांगताना अजूनही डोळे पुसतात.

तर असा माणूस निवृत्तीला आला होता. शेवटचा महिना उरला होता. मला म्हणायचे, "पोरी, बाकी काही कमावलं नाही. एक शब्द तेवढा कोरा करकरीत घेऊन घरी जायचंय." आणि नेमकं त्याच महिन्यात घोडं अडलं.

जळगावात डॉक्टरांची मोठी परिषद भरली. दोन दिवस सगळ्या खानदेशातले डॉक्टर एका हॉलमध्ये. आमच्या कंपनीचा स्टॉल होता, आणि स्टॉल सजवायला मुंबईहून एक खोकं आलं. उघडलं तर आत मूर्ती! माझ्या छातीइतकी उंच, फायबरची, पांढरीशुभ्र. कुरळी दाढी, एक खांदा उघडा, अंगावर चादर लपेटल्यासारखं वस्त्र, हातात काठी आणि काठीला वेटोळं घातलेला साप. साहेबांनी फोनवर सांगितलं, हा जुन्या ग्रीक लोकांचा आरोग्याचा देव, अस्क्लेपिअस. आजारी माणसं त्याच्या देवळात जाऊन झोपत आणि बरी होऊन उठत, अशी त्यांची श्रद्धा. आबांनी नाव म्हणायचा दोनतीनदा प्रयत्न केला, मग सोडून दिला. म्हणाले, "ज्याचं नाव घेता येत नाही त्याला पाहुणे म्हणावं. मानही राहतो."

अहो, पाहुण्यांनी परिषद खाऊन टाकली! भाषणं चालू आत, आणि डॉक्टर सगळे आमच्या स्टॉलवर. कोणी खांद्यावर हात टाकून फोटो काढतंय, कोणी सापाच्या तोंडात बोट घालतंय, कोणी बायकोला फोनवर दाखवतंय. आणि शेवटच्या दिवशी दुपारी साहेबांचा फोन आला की मूर्ती परत पाठवू नका, नेण्याआणण्यातच मोडेल, तिकडेच कोणाच्या तरी दवाखान्यात ठेवून द्या.

झालं! जळगावचे मोठे फिजिशियन आले. आबांचा हात धरून म्हणाले, "आबा, माझ्या नव्या वेटिंग रूममध्ये एक कोपरा मोकळाच आहे." आबा म्हणाले, "होऊन जाईल साहेब." चहाच्या वेळी धुळ्याचे हाडांचे डॉक्टर आले. हे आणि फिजिशियन एकाच कॉलेजचे, पण आता एकमेकांचं तोंडही पाहत नसत. ते म्हणाले, "आबा, ही मूर्ती मला हवी. त्याच्याकडे गेली तर माझ्याशी गाठ आहे." आबा म्हणाले, "होऊन जाईल साहेब." आणि निघता निघता बाळांच्या डॉक्टरीणबाई. "आबा, मुलं किती रमतील हो याच्याशी!" त्यांना तर नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. सवयीने जीभ वळली. "होऊन जाईल ताई."

मी शेजारीच उभी, डोळे फाडून बघतेय. ताई गेल्यावर म्हटलं, "आबा, तिघांना?"

"कोणा तिघांना?"

मी सांगितलं. आबांनी बोटांवर मोजून बघितलं. मग टोपी काढली आणि रिकाम्या खोक्यावर मटकन बसले. चेहरा पार उतरला. "पोरी," म्हणाले, "शेवटच्या महिन्यात माती खाल्ली मी."

मूर्ती जळगावात ठेवली तर फिजिशियनचा माणूस येऊन उचलणार, म्हणून आबांनी ठरवलं की सध्या धुळ्याला आपल्या घरी न्यायची. टेम्पो मिळेना. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी पाहुण्यांना बगलेत धरून एसटीत चढवलं. कंडक्टर म्हणाला, "वर टाका." आबा म्हणाले, "वर सापाची मान मोडेल. आत बसतील." कंडक्टर तरणा आणि वात्रट. "मग तिकीट काढा. वय काय यांचं?"

"असेल दोनअडीच हजार."

"अरे वा! पंच्याहत्तरच्या वर फुकट. आधार कार्ड दाखवा."

सगळी गाडी खिदळली. आबांनी पूर्ण तिकीट काढलं आणि दुमडून पाहुण्यांच्या बोटांच्या फटीत खोचलं. पाहुणे खिडकीशी, मध्ये आबा, कडेला मी. गाडी निघाली. लोक चढत, दचकत, मग हात जोडत. एका माणसाने तर पाया पडून आबांनाच प्रसाद मागितला, आणि आबांनी बॅगेतून खोकल्याच्या गोळ्या दिल्या!

समोरच्या सीटवर एक आजी बसल्या होत्या. हातात औषधांची पिशवी, पाय सुजलेले. बराच वेळ वळून वळून पाहुण्यांकडे बघत होत्या. शेवटी राहवलं नाही.

"भाऊ, हाऊ बाबा कोन शे?"

आबांनी लगेच त्यांच्याच बोलीत उत्तर दिलं, "दवाखानाना देव शे माय. परदेशना."

"आसं का! तेले थंडी वाजत व्हई. एक खांदा उघडा शे."

मी हसले. आबाही हसले आणि विचारलं, आजी कुठून आलात? त्यांचं गाव दोंडाईच्याच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत. गावात डॉक्टर नाही. बीपी आणि हृदयाचा त्रास, म्हणून पहाटे निघून दोन गाड्या बदलून आदल्या दिवशी जळगावला गेल्या होत्या. कोणाकडे? तर आमच्या त्याच मोठ्या फिजिशियनकडे.

"दवाखानाले कुलूप व्हतं. दिनभर पायरीवर बठनू. रात भाचीकडे काढी. आज ऐतवार, आज बी कुलूपच. काल बठ्ठा डॉक्टर कथा गयात, माय जाने!"

सगळे डॉक्टर कुठे गेले होते हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. आमच्या स्टॉलवर पाहुण्यांच्या खांद्यावर हात टाकून हसत होते. आजींनी पुन्हा मूर्तीकडे बघितलं आणि अगदी साधेपणाने म्हणाल्या,

"मंग हाऊ बाबालेच आमना गावले ली चाला ना भाऊ. हाऊ तरी जागावर ऱ्हाई."

हा तरी जागेवर राहील! माझ्या अंगावर काटा आला. आबांनी क्षणभरही विचार केला नाही. "होऊन जाईल माय," म्हणाले. मी कपाळावर हात मारला. तीन होते ते चार झाले!

मग सुरू झाली खरी धमाल. पाहुणे आबांच्या धुळ्याच्या घरी दिवाणखान्यात उभे. काकू म्हणजे आबांची बायको, तिने एकदाच वर खाली बघितलं आणि म्हणाली, "जन्मभर डॉक्टरांच्या दारात उभे राहिलात, आता हा आपल्या दारात आला. याला तरी चहा पाजू का?" आणि आबांचा फोन सारखा वाजतोय. सकाळी फिजिशियन, "आबा, कोपऱ्यात लाइट बसवून घेतला." दुपारी हाडांचे डॉक्टर, "आबा, माणूस पाठवू का?" संध्याकाळी ताई, "आबा, मुलांना सांगून ठेवलंय हं मी." आबांची झोप उडाली, जेवण कमी झालं. भरीत समोर ठेवलं तरी नुसते बघत बसायचे. खानदेशी माणूस भरिताकडे नुसता बघतो म्हणजे प्रकरण गंभीर!

मला एक युक्ती सुचली. मच्छीबाजाराच्या बाजूला एक चाचा होते, कपड्यांच्या दुकानातले फायबरचे पुतळे बनवायचे आणि दुरुस्त करायचे. मी आबांना ओढतच तिथं नेलं. चाचांनी मोबाईलवर पाहुण्यांचे फोटो सगळ्या बाजूंनी बघितले आणि म्हणाले, "साचा काढून देतो. असे तीन काय, तेरा करून देतो. खरा कोणता ते खुद्द त्याच्या आईलाही कळणार नाही."

मी टाळ्या वाजवायच्याच बाकी होते. सुटला प्रश्न! तिघांना तीन, आजीला एक. पण आबांचा चेहरा लाल झाला.

"डुप्लिकेट?"

"अहो आबा, मूर्तीच तर आहे."

"पोरी, जन्मभर मी दारोदार काय सांगत हिंडलो? डुप्लिकेट माल घेऊ नका, डुप्लिकेट गोळीने माणूस मरतो. आणि जाताजाता डुप्लिकेट देव वाटून जाऊ?"

चाचाच मान हलवून म्हणाले, "बरोबर बोलतायत ते. मग एकाला द्या आणि बाकीच्यांना नाही म्हणा." आबा त्यांच्याकडे असे बघत राहिले, जणू कोणी त्यांना पोहायला न येता तापीत उडी मारायला सांगितलंय. नाही म्हणा! हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकलाच नव्हता. ते तिथेच बाकावर बसले, चाचांनी चहा मागवला, आणि चहा संपता संपता आबा म्हणाले, "चाचा, गुरुवारी तुमचा टेम्पो मोकळा आहे?"

गुरुवार म्हणजे आजींच्या गावचा बाजाराचा दिवस. त्या दिवशी शेतात कोणी जात नाही, सगळं गाव घरी. आबांनी तिन्ही डॉक्टरांना माझ्यासमोर फोन केले. तिघांना अक्षरशः तेच वाक्य. "गुरुवारी सकाळी दोंडाईच्याच्या अलीकडच्या एका गावी या. गावाला तुमचा सत्कार करायचाय. मूर्तीचा निकाल तिथेच लावतो. येताना तुमची डॉक्टरकीची पिशवी घेऊन या." यात एकही शब्द खोटा नव्हता! सरपंचांना सांगून शाल-श्रीफळ खरंच मागवलं होतं. आणि सत्काराला नाही म्हणणारा डॉक्टर अजून जन्माला यायचाय. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "आबा, तिघं समोरासमोर आले की तुमचं काय होईल?" आबा म्हणाले, "माझं व्हायचं ते होईल. तू फक्त पळून जाऊ नकोस."

गुरुवारी टेम्पोत पुढे चाचा, मागे मी, आबा आणि गोधडीत गुंडाळलेले पाहुणे. गावात शिरलो तर काय सांगू! शाळेच्या ओट्यापुढे निंबाखाली अख्खं गाव जमलेलं. म्हातारी माणसं, गुडघे धरून बसलेल्या बाया, शेंबडी पोरं कडेवर घेतलेल्या सुना. आजींनी गावभर करून ठेवलं होतं की दवाखान्याचा बाबा येतोय, आणि त्याच्यामागे डॉक्टर येतायत. पाहुण्यांना ओट्यावर उभं केलं. आजी पुढे आल्या आणि त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? त्या उघड्या खांद्यावर नवा कोरा टॉवेल टाकला!

आणि धुरळा उडाला. पहिली गाडी हाडांच्या डॉक्टरांची. दुसरी ताईंची. दोघं एकमेकांना बघून चपापले, पण हसले. तिसरी जळगावची लांबलचक गाडी. फिजिशियन उतरले, हाडांच्या डॉक्टरांना बघितलं, आणि त्यांचा चेहराच बदलला. माझी तर पाचावर धारण बसली. तिघांना शाली घातल्या, नारळ दिले, टाळ्या झाल्या. मग तिघांनीही आबांकडे बघितलं.

आबा ओट्यावर पाहुण्यांच्या शेजारी उभे. टाय, टोपी, हात जोडलेले.

"साहेब, ताई," म्हणाले, "मूर्ती एक आहे. शब्द मी चौघांना दिला. तुम्हा तिघांना, आणि या माउलीला. ही त्या दिवशी जळगावला आली होती. आपण सगळे परिषदेत होतो, दवाखान्याला कुलूप होतं. ही दिवसभर पायरीवर बसली. मूर्ती इथे राहील."

मग फिजिशियन चढ्या आवाजात म्हणाले, "आबा, मी शंभर किलोमीटरवरून आलोय! तुम्ही मला शब्द दिला होता. तुम्ही, आबा, शब्द मोडणार?"

"हो साहेब."

"हे बघा, मी या गावाला दुसरी मूर्ती घेऊन देतो, हवी तर याच्यापेक्षा मोठी. ही मला द्या."

आणि त्या माणसाने, ज्याने जन्मात डॉक्टरांपुढे मान वर केली नव्हती, सरळ डोळ्यांत बघून सांगितलं, "नाही."

बस, एवढंच. नाही. आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला इतका अभिमान वाटला आणि इतकं वाईटही वाटलं! कोरा करकरीत शब्द घेऊन घरी जायचं म्हणत होता हा माणूस, आणि चारशे लोकांसमोर त्याने तो स्वतःच्या हाताने फाडला.

फिजिशियन गाडीकडे वळले. ड्रायव्हरने दारही उघडलं. पण तेवढ्यात आजी लगबगीने त्यांच्या वाटेत जाऊन उभ्या राहिल्या. भांडायला नाही हो. त्यांना वाटलं, डॉक्टर आलेत, शाल घालून झाली, आता तपासतीलच. त्यांनी पदर सावरला, उजवा हात कोपरापर्यंत मोकळा केला आणि पुढे धरला. नुसता हात धरून उभ्या राहिल्या, पायरीवर बसल्या असतील तशाच, न कंटाळता.

डॉक्टर त्या हाताकडे बघत राहिले. मग गळ्यातली शाल काढून ड्रायव्हरकडे फेकली आणि जवळजवळ ओरडले, "खुर्ची आणा! आणि पिशवी! यांना आधी बसवा, पाय बघा किती सुजलेत!"

पुढचं काय सांगू, वेळ कसा गेला कळलंच नाही. हाडांच्या डॉक्टरांना गुडघेवाल्या बायांनी घेरलं. ताई ओट्याच्या पायरीवर बसल्या आणि एकेक पोर मांडीवर घेत गेल्या. चाचा रांग लावत होते. आबा आणि मी औषधांचे नमुने वाटत होतो, बॅग रिकामी झाली तर आबांनी चाचांना टेम्पो घेऊन पाठवलं आणि दोंडाईच्याच्या मेडिकलमधून गोळ्या आणवल्या. मधे कधीतरी हाडांच्या डॉक्टरांनी एका म्हाताऱ्याला फिजिशियनकडे पाठवलं, "याची छाती तू बघ रे," असं म्हणून. किती वर्षांनी बोलले असतील! दोघांच्याही लक्षात आलं नाही.

ऊन कललं तेव्हा रांग संपली. बाजरीची भाकरी आणि ठेचा खाऊन तिघं हात धुवत होते. आबा लांब टेम्पोला टेकून उभे होते, अपराध्यासारखे. डॉक्टरांपुढे जायची त्यांची हिंमत होईना.

फिजिशियनच आले. "आबा, त्या आजींना महिन्याने परत बघावं लागेल. त्यांना जळगावला पाठवू नका. मीच येईन."

"महिन्याने कशाला?" हाडांचे डॉक्टर मागून म्हणाले. "मी धुळ्यात आहे, पुढच्या गुरुवारी मी येतो. तू एवढ्या लांबून काय येणार?"

"पुढचा गुरुवार मी आधी मागितला."

"कधी मागितलास?"

"अहो, लहान मुलं आठवडाभर थांबतात का?" ताई म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी मी. तुम्ही दोघं नंतर बघा."

"आबा, तुम्ही सांगा," फिजिशियन म्हणाले. "पुढचा गुरुवार कोणाला देताय?"

तिघंही आबांकडे बघायला लागले, परिषदेत बघत होते अगदी तसे. आबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ओट्यावर टॉवेल पांघरून उभ्या असलेल्या पाहुण्यांकडे. मग डोळे पुसले, टोपी नीट केली, आणि हसत हसत म्हणाले, "भांडू नका साहेब. देव एकच होता. गुरुवार पाहिजे तितके आहेत."